ब्रेड लाइन वारंवार का तुटते: तुटलेल्या टोकापासून नव्या लाइनच्या निवडीपर्यंत

समुद्रात ल्युअर, म्हणजे नकली आमिष, फेकून गरवणाऱ्यांची एक तक्रार सतत ऐकू येते. पाकिटावर भरपूर ताकद छापलेली ब्रेड लाइन (बारीक धाग्यांची विणलेली गळाची दोरी) घेतलेली असते, तरीही ती पुन्हा पुन्हा तुटते. कधी ऐन फेकीत ल्युअर लाइनशिवाय एकटाच दूर उडून जातो, तर कधी मासा पहिल्याच धावेत लाइन घेऊन निघून जातो. यावर बहुतेक जण एकच उपाय करतात आणि एक नंबर जाड लाइन भरतात. माझ्या मते बहुतेक वेळा हा उपाय चुकीचा असतो, कारण जाड लाइनमुळे फेक आखूड होते, वाऱ्यात आणि प्रवाहात लाइनला मोठा झोल पडतो, आणि तुटण्याचे मूळ कारण गाठीत, गाईडमध्ये (रॉडवरच्या लाइन ओवायच्या कड्यांत) किंवा स्पूलवर (रीलच्या लाइन गुंडाळायच्या रिळावर) होते तिथेच राहते. लाइन निवडण्याआधी ती कुठे आणि कशी तुटली हे समजून घेतले, तर निवड पुष्कळ सोपी होते.

ही लाइन ज्या धाग्यांची विणलेली असते ते अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनचे असतात. डायनिमा आणि स्पेक्ट्रा ही त्याच धाग्याची व्यापारी नावे आहेत. वजनाच्या मानाने त्याची ताकद विलक्षण असते, पाणी तो शोषत नाही आणि घनता सुमारे ०.९७ असल्यामुळे तो पाण्यावर तरंगतो. त्याच्या काही मर्यादाही आहेत. नायलॉनचा तंगूस तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या २० ते ३० टक्के ताणला जातो, हा धागा मात्र जेमतेम ३ ते ४ टक्के ताणला जातो, त्यामुळे बसलेला हिसका शोषला न जाता पूर्णपणे लाइनवर आणि गाठीवर येतो. धागा अतिशय गुळगुळीत असल्याने गाठ सरकते. तो साधारण १४५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून कमजोर होऊ लागतो, त्यामुळे घर्षणाची उष्णता त्याला नायलॉनपेक्षा लवकर बाधते. शिवाय प्रत्येक तंतू इतका बारीक असतो की ताणलेली लाइन खडकाच्या धारेवर क्षणभर घासली तरी तंतू एकामागून एक तुटत जातात. पुढे सांगितलेले जवळजवळ सगळे बिघाड याच मर्यादांमधून निर्माण होतात.

आधी टोक पाहावे

लाइन तुटली की हातात आलेले टोक लगेच कापून टाकू नये. ते उजेडात धरून नीट पाहावे आणि लाइन नेमक्या कोणत्या जागी तुटली तेही लक्षात ठेवावे. टोकापासून काही सेंटिमीटरपर्यंत लाइन कापसासारखी पिंजलेली असेल, तर ती कशावर तरी घासली गेली आहे. टोक सुरीने कापल्यासारखे स्वच्छ असेल, तर माशाचे दात, शिंपल्याची धार किंवा गाईडच्या रिंगेला गेलेला टवका यांपैकी काहीतरी त्याला कारणीभूत आहे. टोकाशी धाग्याला नागमोडी वळणे पडली असतील, तर ते गाठ सरकून सुटल्याचे लक्षण आहे. टोक कडक, चकचकीत आणि किंचित गोळा झालेले असेल, तर तिथे उष्णता निर्माण झाली होती. पेड कमीजास्त लांबीवर तुटलेले असतील आणि आजूबाजूची लाइन मात्र अगदी नव्यासारखी असेल, तरच ती निव्वळ अतिरिक्त ताणाने तुटली असे म्हणता येते. जाड लाइन हा उपाय केवळ या शेवटच्या प्रकाराला लागू पडतो, आणि तोही ड्रॅग (ठरावीक ताण आला की स्पूलवरून लाइन सुटू देणारा रीलचा ब्रेक) योग्य लावलेला असल्याची खात्री झाल्यानंतर.

फेकीच्या क्षणी तुटणारी लाइन

सर्वात जास्त ल्युअर याच प्रकारे जातात, म्हणून याकडे सर्वाधिक लक्ष द्यायला हवे. तीस-चाळीस ग्रॅमचा ल्युअर पूर्ण जोराने सुटलेला असताना लाइन कुठेतरी अडकली, तर तो क्षणार्धात थांबतो. नायलॉन अशा वेळी ताणला जाऊन धक्का सोसतो, पण ब्रेड लाइनला ती सोय नाही. म्हणून फेकीत लाइन तुटली की पहिला प्रश्न तिच्या ताकदीविषयी न विचारता ती कुठे अडकली हे शोधावे.

अडकण्याचे नेहमीचे ठिकाण म्हणजे स्पूल. स्टिकबेट किंवा जिग यांसारखे ल्युअर हिसके देऊन चालवताना प्रत्येक हिसक्यानंतर लाइन क्षणभर सैल पडते, आणि त्या अवस्थेत रीलचे हँडल फिरले की स्पूलवर एखादा वेढा सैल बसतो. त्यावर पुढचे घट्ट वेढे येतात. पुढच्या फेकीत वरची लाइन धावत बाहेर पडताना तो सैल वेढा आपल्याबरोबर ओढते, तीनचार वेढे एकाच वेळी बाहेर येतात आणि पहिल्या गाईडमध्ये त्यांचा गुंता होतो. गुंता लहान असेल तर तो गाईडमधून निसटतो आणि लाइनमध्ये एक बारीक निरगाठ मागे ठेवून जातो, जी पुष्कळदा कोणाच्या लक्षातही येत नाही. अशा गाठीपाशी लाइनची ताकद निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते, आणि मग त्याच दिवशी किंवा पुढच्या खेपेला लाइन विनाकारण तुटल्यासारखी वाटते. लाइन गोळा करताना दोन बोटांमधून ती अधूनमधून जाऊ द्यावी म्हणजे अशी गाठ हाताला लागते. गाठ सैल असेल तर सुईने हळूहळू सोडवावी, ओढून पाहू नये. ती घट्ट बसली असेल तर तेवढी लाइन कापून टाकण्यावाचून पर्याय नाही.

हे टाळण्यासाठी काही सवयी लावून घ्याव्या लागतात. ल्युअर पाण्यात पडला की बेल, म्हणजे लाइन स्पूलवर वळवणारी तारेची कमान, हँडल फिरवून बंद करू नये. ती हाताने बंद करावी आणि लाइन बेलच्या टोकाशी असलेल्या छोट्या चाकावर, म्हणजे रोलरवर, घट्ट बसेल एवढी हाताने ओढून मगच गोळा करायला सुरुवात करावी. फेकीच्या शेवटी ल्युअर पाण्याला टेकण्याआधी बोटाने स्पूलच्या कडेला हलका स्पर्श केला, तर हवेत लाइनचा झोल उरत नाही. बाजूने वारा असेल तर रॉडचे टोक खाली, पाण्याजवळ धरावे. हिसक्यांची चाल संपल्यावर शेवटचे काही मीटर सरळ आणि ताणात गोळा करावेत. प्रत्येक फेकीपूर्वी स्पूलकडे एक नजर टाकावी. एखादा सैल वेढा वर आलेला दिसला, तर तो मोकळा होईपर्यंत लाइन हाताने काढून पुन्हा ताणात भरावी. या सगळ्याला फारसा वेळ लागत नाही, आणि माझ्या अनुभवात कोणत्याही नव्या लाइनपेक्षा या सवयींनी अधिक ल्युअर वाचवले आहेत.

स्पूल किती भरले आहे यालाही महत्त्व आहे. काठोकाठ भरलेल्या स्पूलवरून लाइन लांब जाते हे खरे आहे, पण बारीक आणि मऊ ब्रेड तिथून आपोआप घसरू लागते. काठाच्या आत सुमारे २ ते ३ मिलिमीटर जागा सोडणे सुरक्षित असते. नवी लाइन भरताना ती ओल्या फडक्यातून दाबून, चांगल्या ताणात भरावी. सैल भरलेल्या स्पूलवर मोठा मासा लागला किंवा खडकात अडकलेला ल्युअर ओढला की वरची ताणलेली लाइन खालच्या थरांत रुतते. त्यानंतरच्या फेकीत ती रुतलेली लाइन सुटत नाही, फेक मध्येच थांबते आणि लाइन तुटते. मासा उतरवून झाल्यावर लगेचच्या फेकीत ल्युअर जाण्याचे कारण बहुधा हेच असते. जोराची ओढ झाल्यानंतर तेवढी लाइन एकदा सैल फेकीने बाहेर काढून पुन्हा ताणात गोळा करून घ्यावी.

दुसरे ठिकाण म्हणजे रॉडचे टोक. मऊ आणि कोरडी ब्रेड टोकाच्या गाईडभोवती सहज एक वेढा घेते, आणि पूर्ण जोराच्या फेकीत तो वेढा रिंग उखडू शकतो किंवा रॉडचे टोकच मोडू शकतो. फेकण्यापूर्वी टोकाकडे पाहण्याची सवय ठेवावी आणि दिवसाच्या पहिल्या एकदोन फेका हलक्या हाताने करून लाइन ओली होऊ द्यावी.

तिसरे ठिकाण गाईडची रिंग आणि लाइन रोलर. सिरॅमिक रिंगेला गेलेला केसाएवढा टवका डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कापसाचा बोळा किंवा पायमोज्याचे पातळ नायलॉन प्रत्येक रिंगेतून सगळ्या बाजूंनी फिरवावे. जिथे तंतू अडकेल तिथे दोष आहे, आणि अशी रिंग बदलण्याखेरीज दुसरा उपाय नाही. रोलर बोटाने फिरवून पाहावा. मीठ साचून तो जाम झाला असेल, तर लाइन त्याच्यावरून फिरण्याऐवजी घासत जाते, आणि प्रत्येक खेपेला लाइनचा तोच पहिला भाग अकाली पिंजलेला दिसतो.

गाठीपाशी तुटणारी किंवा सुटणारी लाइन

नायलॉनसाठी शिकलेली गाठ तशीच ब्रेडवर बांधली, तर ती सरकण्याची शक्यता मोठी असते. लीडर, म्हणजे ब्रेड आणि ल्युअर यांच्यामधला नायलॉन किंवा फ्लुरोकार्बनचा तुकडा, जोडण्यासाठी एफजी ही गाठ आज समुद्रात सर्वाधिक वापरली जाते, आणि त्याला सबळ कारण आहे. तिच्यात लीडरला कुठेही वळण पडत नाही, ब्रेडचे आडवेतिडवे वेढे त्याला चिमट्यासारखे आवळून धरतात आणि सांधा इतका सडपातळ राहतो की तो गाईडमधून अडथळ्याविना निघून जातो. तिचे यश वेढ्यांच्या संख्येपेक्षा ती किती घट्ट ओढली आहे यावर अवलंबून असते. वीसएक वेढे घेऊन, गाठ ओली करून, हातमोजे घालून दोन्ही बाजू जोराने ओढाव्यात. ब्रेडचा रंग गाठीपाशी गडद होऊन वेढे लीडरमध्ये रुतल्यासारखे दिसले की गाठ बसली. रंग बदलला नसेल, तर ती गाठ पहिल्या मोठ्या हिसक्याला निसटण्याची शक्यता फार असते. लीडर हातात पूर्ण शिल्लक राहिला आणि ब्रेड त्यावरून अख्खी सरकून गेली, तर कारण हेच असते. कोरडी गाठ झटक्याने ओढली तर घर्षणाने धागा तापतो आणि गाठ बांधतानाच कमजोर होते, म्हणून ओलावा टाळू नये.

हलत्या होडीत किंवा वाऱ्यात एफजी जमत नसेल, तर दुहेरी युनी गाठ बांधावी, पण ब्रेडच्या बाजूला नायलॉनपेक्षा अधिक, म्हणजे आठ तरी वेढे घ्यावेत. ती जाडसर असते, त्यामुळे लीडर आखूड ठेवून सांधा फेकीच्या वेळी टोकाच्या गाईडबाहेर राहील असे पाहावे. पूर्ण बसलेली साधी गाठ अर्धवट बसलेल्या एफजीपेक्षा केव्हाही चांगली.

लीडरशिवाय ब्रेड थेट ल्युअरला बांधण्याचा सल्ला मी समुद्रासाठी कधीच देणार नाही. लीडर हाच या मांडणीतला झीज सोसणारा भाग आहे. फ्लुरोकार्बनची घनता सुमारे १.७८ असल्याने तो बुडतो आणि घासटीला बऱ्यापैकी टिकतो. नायलॉनचा लीडर अधिक ताणला जातो आणि पाण्याच्या पृष्ठभागावर चालणाऱ्या ल्युअरला खाली ओढत नाही, म्हणून पॉपरसाठी तो बरा. खडकाळ तळ असेल तर लीडर लांब आणि जाड घ्यावा. तीक्ष्ण दातांच्या माशांसाठी मात्र तारेचा तुकडा लागतो, कारण तिथे कोणत्याही जाडीची ब्रेड सारखीच निरुपयोगी ठरते.

मासा लढत असताना तुटणारी लाइन

इथे ड्रॅग तपासावा, आणि तो हाताच्या अंदाजाने न तपासता वजनकाट्याने मोजावा. लाइन गाईडमधून ओवून, रॉड वाकवून स्प्रिंगच्या काट्याला ओढावी. या मांडणीतल्या सर्वात कमजोर जागेच्या ताकदीच्या २५ ते ३० टक्के ताणावर ड्रॅग सुटला पाहिजे. लाइन १० किलोची असेल आणि गाठ तिच्यातले ८ किलो टिकवत असेल, तर ड्रॅग २ ते २.४ किलोवर लावावा. मासा लाइन घेऊन दूर गेला की स्पूलवरील लाइनचा व्यास कमी होतो आणि ड्रॅगला हात न लावताही लाइनवरचा ताण वाढत जातो, हेही ध्यानात ठेवायला हवे. मासा लांब गेलेला असताना ड्रॅग आणखी आवळल्याने पुष्कळ लाइनी तुटतात.

याच्या उलट, ड्रॅग कितीही आवळला तरी लाइन सुटतच राहते असे वाटत असेल, तर स्पूलवरची संपूर्ण ब्रेड एकसंध फिरत असण्याची शक्यता असते. तळाशी नायलॉनचे काही मीटर किंवा चिकटपट्टीचा एक वेढा दिला की हा दोष जातो.

आता लाइन कोणती घ्यावी

वरील तपासणीनंतरही लाइन बदलावी लागणार असेल, तर पाकिटावरील पाउंडांच्या आकड्यावरून निवड करू नये. काही उत्पादक सरासरी ताकद छापतात, काही कमाल ताकद छापतात, आणि छापलेला व्यासही प्रत्यक्षापेक्षा बारीक असू शकतो. त्यामुळे सारख्याच पाउंडाच्या दोन लाइनी जाडीला अगदी वेगळ्या निघतात. मला त्यापेक्षा जपानी पीई (पॉलिइथिलीन) क्रमांक अधिक भरवशाचा वाटतो, कारण तो धाग्याच्या वजनाशी बांधलेला आहे. क्रमांक १ म्हणजे २०० डेनियर, म्हणजेच ९००० मीटर लाइनचे वजन २०० ग्रॅम. क्रमांक २ म्हणजे ४०० डेनियर. क्रमांक १ ची जाडी सुमारे ०.१६५ मिमी, दीडची ०.२०५ मिमी, २ ची ०.२३५ मिमी आणि ३ ची ०.२८५ मिमी धरली जाते. क्रमांक दुप्पट झाला तरी जाडी दुप्पट होत नाही, हे यावरून दिसेल.

किनाऱ्यावरून १० ते ३० ग्रॅमचे ल्युअर फेकायचे असतील, तर ०.८ ते १.२ हा पल्ला पुरतो. ३० ते ६० ग्रॅमसाठी १.५ ते २ घ्यावा. त्याहून जड ल्युअर आणि जोरकस मासे असतील तर ३ ते ४ क्रमांकाकडे जावे. मोठ्या पॉपरने होडीतून अजस्र मासे गरवणारे ६ ते ८ क्रमांक वापरतात, पण त्यासाठी रॉड आणि रीलही त्याच वर्गाचे असावे लागतात. रॉडवर पीईचा पल्ला छापलेला असेल, तर तो ओलांडू नये.

विणीचा प्रश्न यानंतर येतो. सारख्याच जाडीच्या चारपेडी लाइनमध्ये प्रत्येक पेड जाड असतो, त्यामुळे ती थोडी खरखरीत आणि गाईडमधून आवाज करणारी असते, पण घासटीला अधिक तग धरते. आठपेडी लाइन गोल, गुळगुळीत असते आणि लांब जाते. उघड्या वाळूच्या किनाऱ्यावर आठपेडी घ्यावी, शिंपल्यांनी भरलेल्या खडकांवर चारपेडी घ्यावी असे माझे मत आहे, आणि ज्याच्या स्पूलवर वारंवार गुंता होतो त्यानेही थोडी ताठ, लेप असलेली लाइन निवडावी. बाराहून अधिक पेडांची फार मऊ लाइन हात बसण्याआधी घेऊ नये, कारण ती टोकाच्या गाईडभोवती सर्वात लवकर वेढा घेते.

रंगाविषयी थोडक्यात. माशासमोर लीडर असतो, त्यामुळे लाइन आपल्या डोळ्यांना स्पष्ट दिसेल अशा रंगाची घ्यावी. दर १० मीटरला रंग बदलणारी लाइन उभे जिगिंग करताना (जिग सरळ खाली सोडून गरवताना) खोली समजायला उपयोगी पडते. पॉलिइथिलीन रंग नीट धरत नाही, तो वरवरच राहतो, म्हणून रंग उडाला एवढ्यावरून लाइन निकामी ठरवू नये. पिंजलेले तंतू, चपटे झालेले भाग आणि कडक पडलेली जागा ही निकामी होण्याची खरी लक्षणे आहेत.

लाइन किती उरली आहे ते घरी तपासणे

गोड्या पाण्याने रील धुताना ड्रॅग आवळून ठेवावा म्हणजे पाणी आत जात नाही. पाणी जोराच्या फवाऱ्याने मारू नये आणि गरम वापरू नये. मिठाचे कण पेडांमध्ये राहिले तर ते धाग्याला आणि गाईडला दोन्हींना घासत राहतात. लाइन सावलीत वाळवावी.

काही खेपांनंतर लाइनचे पहिले पाचसात मीटर कापावेत आणि नवी गाठ बांधून ती स्प्रिंगच्या काट्यावर, डोळ्यांना चष्मा लावून, हळूहळू ओढावी. लाइन हाताभोवती कधीही गुंडाळू नये, ती मांसात खोल रुतते. लाकडाच्या गुळगुळीत दांड्याला सातआठ वेढे देऊन ओढावी, आणि खडकात अडकलेला ल्युअर सोडवतानाही हीच पद्धत वापरावी. लाइन गाठीपाशी आणि छापील ताकदीच्या बऱ्याच खाली तुटली, तर गाठ पुन्हा बांधून पाहावी. गाठ शाबूत राहून लाइन मध्येच तुटली आणि काट्यावरचा आकडा कमी आला, तर तेवढा भाग झिजला आहे. अशा वेळी संपूर्ण लाइन टाकून देण्याची गरज नसते. ती दुसऱ्या रिकाम्या स्पूलवर घेऊन उलटी भरली, की तळाशी राहिलेला, पाणीही न लागलेला भाग वर येतो. उलटी भरलेली लाइनही त्याच चाचणीत मध्येच तुटली, तर मात्र ती बदलावी, आणि काढलेल्या लाइनचे कात्रीने दोनतीन सेंटिमीटरचे तुकडे करून ते बंद डब्यातून कचऱ्यात टाकावेत, कारण समुद्रात किंवा किनाऱ्यावर सोडलेली लांब ब्रेड वर्षानुवर्षे कुजत नाही आणि तिच्यात पक्ष्यांचे पाय व कासवांची वल्ही अडकतात.